‘लाइव्ह’ म्हणजे नक्की किती वाजता? रास्पबेरी पायचा कॅमेरा आणि संशोधनातली वेळ



रास्पबेरी पायवरून लाइव्ह व्हिडिओ कसा पाठवायचा, हे शिकवणारे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने सापडतील. कॅमेऱ्याची पट्टी जोडा, दोन ओळी टाइप करा, लॅपटॉपवर चित्र हजर. दहा मिनिटांचं काम आहे आणि खरंच दहा मिनिटांत होतं. त्यामुळे पीएच.डी.चा प्रस्ताव लिहिणारे अनेक जण मला थेट खरेदीचाच प्रश्न विचारतात. कोणता पाय घेऊ? कोणता कॅमेरा घेऊ?

मी त्यांना उलटा प्रश्न विचारते. त्या चित्रावरून तुम्ही काय मोजणार आहात? आणि उद्या परीक्षकांनी तुमच्या व्हिडिओतल्या एका फ्रेमवर बोट ठेवून ‘ही किती वाजताची?’ असं विचारलं, तर उत्तर कुठून काढणार?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडा विचार केला की मिळतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र प्रयोग सुरू होण्याआधीच यंत्रणेत घालून ठेवावं लागतं, नंतर ते कुठूनही आणता येत नाही. आजचा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी एक जुनी गोष्ट. १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ‘ट्रोजन रूम’ नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एक यंत्र होतं. इमारतीत दुसरीकडे बसलेले संशोधक जिने उतरून यायचे आणि बघतात तर भांडं रिकामं! मग त्यांनी भांड्यासमोर एक कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र आपापल्या संगणकावर दिसेल अशी सोय केली. चित्र १२८ × १२८ पिक्सेलचं, काळं-पांढरं, आणि मिनिटाला साधारण तीन वेळाच बदलणारं. १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि जगातला पहिला वेबकॅम म्हणून प्रसिद्ध झालं. २००१ मध्ये तो बंद केला.

ही गोष्ट सहसा गंमत म्हणून सांगतात. मला त्यात प्रयोगाची आखणी दिसते. प्रश्न काय होता? भांड्यात कॉफी आहे की नाही. भांडं किती वेगाने भरतं? हळू. मग मिनिटाला तीन चित्रं भरपूर झाली. त्यांनी सेकंदाला तीस फ्रेमचा हट्ट धरला असता, तरी कॉफीबद्दल एक अक्षर जास्त कळलं नसतं.

आता आपलं उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या वसतिगृहाच्या आवारात एका झुडपाला जांभळ्या शिंजिराचं घरटं आहे. तेच ते, लोंबणारं, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं. अंडी उबवण्याचं काम मादी करते, पण पिल्लांना भरवायला नरही येतो. तुमचा प्रश्न असा आहे: भर उन्हात तापमान चढतं, तेव्हा भरवण्याच्या फेऱ्या कमी होतात का? म्हणजे तुम्हाला दोन गोष्टी जोडायच्या आहेत. फेरी किती वाजता झाली, हे कॅमेरा सांगणार. तेव्हा तापमान किती होतं, हे शेजारी टांगलेला तापमान नोंदवणारा लॉगर सांगणार. दोन यंत्रं, दोन घड्याळं. पिल्लं घरट्यात साधारण पंधरवडाभरच असतात. नोंद बिघडली तर पुढच्या विणीच्या हंगामापर्यंत थांबा, आणि तेव्हाही पक्षी त्याच झुडपावर येईल याची हमी कोण देणार?

फ्रेमचा दर ठरवायला आधी एक तास सेकंदाला ३० फ्रेमने चित्रण करा आणि शांतपणे बघा. सगळ्यात छोटी भेट किती वेळाची? समजा दोन सेकंदांची निघाली. मग सेकंदाला ५ फ्रेम घेतल्या तरी त्या भेटीच्या दहा फ्रेम हाती लागतात. नर की मादी, चोचीत काही आहे की नाही, हे ठरवायला दहा पुष्कळ झाल्या. थोडी सूट ठेवून १० धरा. पंखांची हालचाल मोजायची असती तर गणित पूर्ण वेगळं झालं असतं. (या कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांत चित्र एकदम टिपलं जात नाही, ओळीमागून ओळ वाचली जाते. म्हणून फिरतं पंख्याचं पातं किंवा फडफडता पंख वाकडा दिसतो. त्यासाठी ‘ग्लोबल शटर’ असलेला वेगळा कॅमेरा मिळतो. आपल्याला त्याची गरज नाही.)

आता आकाराचं गणित. १२८० × ७२० चं एक चित्र कच्च्या स्वरूपात, पिक्सेलला दीड बाइट धरला तरी, सुमारे १४ लाख बाइटचं होतं. सेकंदाला ३० म्हणजे सुमारे ४१ मेगाबाइट, म्हणजेच ३३० मेगाबिटच्या आसपास. हे कुठल्याही वसतिगृहाच्या वाय-फायवरून जाणार नाही. म्हणून दाबून लहान करावं लागतं, आणि त्याच्या दोन तऱ्हा तुम्हाला कायम भेटतील.

एक, एमजेपेग. प्रत्येक फ्रेम म्हणजे एक स्वतंत्र जेपेग फोटो. सोपं, दणकट, पण जागा खाऊ. दुसरी, एच.२६४. आपण वहीत ‘वरीलप्रमाणे’ लिहितो ना, तसं हे काम करतं. एक फ्रेम पूर्ण लिहायची, तिला की-फ्रेम म्हणतात, आणि पुढच्या फ्रेममध्ये ‘वरीलप्रमाणे, फक्त डाव्या कोपऱ्यात पक्षी आला’ एवढंच लिहायचं. त्यामुळे तेच चित्र दोन-चार मेगाबिटमध्ये बसतं. तोटाही त्याच शब्दात आहे. वरचं पानच वाटेत हरवलं तर ‘वरीलप्रमाणे’ला काही अर्थ उरत नाही. नेटवर्क खराब झाल्यावर चित्र चिखलासारखं पसरतं आणि थोड्या वेळाने अचानक स्वच्छ होतं, ते यामुळे. पुढची की-फ्रेम आली की सुटका. दोन की-फ्रेममधलं अंतर तुम्हाला ठरवता येतं. लाइव्हसाठी ते एक-दोन सेकंदांच्या आत ठेवा.

जाता जाता, खरेदीबद्दल एवढंच. नवा आणि वेगवान म्हणून डोळे मिटून पाय ५ घेऊ नका. पाय ४ मध्ये आणि छोट्या झिरो २ डब्ल्यूमध्ये एच.२६४ करणारा वेगळा हार्डवेअर भाग आहे. पाय ५ मध्ये तो काढून टाकलाय, ते काम मुख्य प्रोसेसर करतो. प्रोसेसर ताकदीचा आहे, त्याला जमतं, पण बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रणेत तेवढी जास्त वीज आणि उष्णता कशाला? आणि झिरो किंवा पाय ५ घेतलात तर कॅमेऱ्याची अरुंद टोकाची पट्टी वेगळी मागवा. कॅमेऱ्याच्या खोक्यातली नेहमीची रुंद पट्टी त्यात बसत नाही.

बरं, आता ‘लाइव्ह’ या शब्दाकडे येऊ.

पक्षी घरट्यावर बसला त्या क्षणापासून तुमच्या पडद्यावर तो दिसेपर्यंत जो वेळ जातो, त्याला लेटन्सी म्हणतात. आपण विलंब म्हणू. हा विलंब एका ठिकाणी होत नाही, थेंबे थेंबे साचतो. सेन्सरवर प्रकाश जमा व्हायला काही मिलिसेकंद. चित्र वाचून, रंग दुरुस्त करून, दाबून लहान करायला आणखी काही. मग नेटवर्क. मग समोरच्या प्लेअरचा बफर, कारण नेटवर्क अडखळलं तरी चित्र अडखळू नये म्हणून प्लेअर थोडा साठा बाळगून असतो. शेवटी पडदा, जो सेकंदाला ६० वेळाच बदलतो, म्हणजे तिथेही सतराएक मिलिसेकंदांपर्यंत.

यात सगळ्यात जाडजूड वाटा बहुतेक वेळा बफरचा असतो, आणि तो तुम्ही निवडलेल्या पद्धतीवर ठरतो. एचएलएस नावाची पद्धत व्हिडिओचे तुकडे करून पाठवते. तुकडा सहा सेकंदांचा आणि प्लेअरने तीन तुकडे हाताशी ठेवले, की तुम्ही १८ सेकंद मागे. क्रिकेटचा सामना मोबाइलवर बघताना शेजारच्या घरातून आधी ओरडण्याचा आवाज येतो आणि मग आपल्याला सिक्स दिसतो, तोच प्रकार. हजारो प्रेक्षकांपर्यंत पोहोचायला ही पद्धत उत्तम आहे. प्रयोगशाळेत एकट्याने बघायला नाही. तिथे आरटीएसपी किंवा ब्राउझरमध्ये बघायचं असेल तर वेबआरटीसी वापरा. नेटवर्क बरं असेल तर विलंब एका सेकंदाच्या बराच आत राहतो. मीडियाएमटीएक्स नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर पायचा कॅमेरा थेट घेतं आणि या तिन्ही पद्धतींनी बाहेर देतं. तुलना करून बघायला ते फार सोयीचं आहे.

टीसीपी की यूडीपी, हा प्रश्नही इथे येतो. पंगतीत शेवटच्या पानात भात पडेपर्यंत सगळ्यांनी हात आखडून बसायचं, तसं टीसीपीचं असतं. एक पॅकेट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी थांबतात. यूडीपीत ज्याच्या पानात पडलं त्याने सुरुवात करायची. चित्रात भोक पडेल, पण उशीर होणार नाही.

मात्र ‘कमी विलंब’ असं प्रबंधात लिहून चालत नाही. आकडा लागतो, आणि तो मिळवायला महागडं काही लागत नाही. लॅपटॉपवर मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच सुरू करा. पायचा कॅमेरा त्या स्टॉपवॉचवर रोखा. कॅमेऱ्याकडून येणारं चित्र त्याच पडद्यावर शेजारच्या खिडकीत उघडा. आता पडद्यावर दोन घड्याळं दिसतील, एक खरं आणि एक कॅमेऱ्यातून फिरून आलेलं. मोबाइलने दोन्हींचा एक फोटो काढा. समजा खरं १२.४८० दाखवतंय आणि फिरून आलेलं १२.१७०. विलंब झाला ३१० मिलिसेकंद. असे पंचवीस-तीस फोटो काढा आणि मध्यक व सर्वांत मोठी किंमत, दोन्ही नोंदवा. नुसती सरासरी देऊ नका. विलंबाचे आकडे एका बाजूला शेपूट असलेले असतात, आणि प्रयोग बिघडतो तो त्या शेपटीमुळे. पडदा स्वतःच १७ मिलिसेकंदांनी बदलतो, त्यामुळे या पद्धतीने तीनशे दहा आणि तीनशे पंधरा यांत फरक आहे असा दावाही करू नका. त्याहून बारीक मोजायचं असेल तर एलईडी आणि प्रकाश ओळखणारा फोटोडायोड जोडून मोजावं लागतं.

ही मोजणी जिथे प्रयोग होणार त्याच नेटवर्कवर, त्याच वेळी करा. रात्री अकराला रिकाम्या वाय-फायवर मिळालेला आकडा दुपारी उपयोगाचा नाही. आणि ती दोनदा करा: सुरू केल्यावर लगेच आणि काही तासांनी. का ते सांगते. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम पाठवतोय आणि तुमचा पायथनमधला प्रोग्रॅम प्रत्येक फ्रेमवर काहीतरी गणित करून २८ च उचलतोय, असं धरा. दर सेकंदाला दोन फ्रेम रांगेत उरतात. दहा मिनिटांत १,२०० फ्रेम, म्हणजे ४० सेकंदांचा व्हिडिओ. मधला बफर तेवढा मोठा असेल, तर तुम्ही ज्याला लाइव्ह म्हणताय ते पाऊण मिनिटापूर्वीचं असतं. चित्र मात्र इतकं सुरळीत चाललेलं असतं की शंकाही येत नाही!

हा विलंब कधी खरंच महत्त्वाचा? तुम्ही चित्र बघून उलट काही करणार असाल तेव्हा. रोबो चालवताना सेकंदाला अर्ध्या मीटरचा वेग आणि ३०० मिलिसेकंद विलंब असेल, तर अडथळा दिसेपर्यंत तो १५ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. किंवा पक्षी येताच ध्वनी वाजवायचा असेल तेव्हा. अशा प्रयोगात निर्णय लॅपटॉपवर घेऊच नका, पायवरच घ्या. चित्र बाहेर जाऊन परत येण्याचा सगळा फेरा वाचतो.

आपल्या शिंजिराच्या प्रयोगात मात्र विलंब तीनशे मिलिसेकंद असो की तीन सेकंद, काही अडत नाही. अडतं ते घड्याळापाशी.

बहुतेक नवखे वेळ कशी काढतात? व्हिडिओ १० वाजता सुरू केला, सेकंदाला ३० फ्रेम, मग ५४,००० वी फ्रेम म्हणजे १८०० सेकंद, म्हणजे साडेदहा. हिशोब बिनचूक दिसतो. त्यात गृहीत धरलेलं एकच: एकही फ्रेम गळली नाही. आता वाय-फायवरून लॅपटॉपवर चित्र घेऊन तिथेच रेकॉर्ड करताना शंभरात एक फ्रेम गळाली असं धरा. डोळ्यांना ते कळणारही नाही. तासाला १,०८,००० फ्रेम, त्यातल्या १,०८० गेल्या. म्हणजे तासाअखेर तुमचं घड्याळ ३६ सेकंद मागे. बारा तासांच्या दिवसात सात मिनिटांहून जास्त. आणि गळती एकसारखी नसते. दुपारी नेटवर्कवर गर्दी असेल तर दुपारीच जास्त होते. म्हणजे तुमच्या प्रयोगात नेमकी उन्हाच्या वेळची नोंद सगळ्यात वाईट. शिवाय फेऱ्याही निसटतात, आणि ‘उन्हात फेऱ्या कमी होतात’ असा छान निष्कर्ष निघतो, जो पक्ष्याचा नसून वाय-फायचा असतो.

दर बदलण्याचं आणखी एक कारण कॅमेऱ्याच्या आतच आहे. प्रकाश कमी झाला की ऑटो एक्सपोजर प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देऊ शकतं, आणि सेकंदाच्या फ्रेम कमी होतात. ढग आला की ‘३०’चे २० होऊ शकतात. दर स्वतः बांधून द्या, आणि तरीही त्यावर विश्वास ठेवू नका.

म्हणून माझा नियम सरळ आहे. डेटा रेकॉर्ड व्हायचा तो पायवर, कॅमेऱ्याच्या शेजारी. बाहेर जाणारं लाइव्ह चित्र फक्त तुमच्या देखरेखीसाठी: भिंगावर कोळ्याने जाळं विणलं का, वाऱ्याने फांदी आडवी आली का, यंत्रणा जिवंत आहे का. पिकॅमेरा२ या पायथन लायब्ररीत एकाच कॅमेऱ्यातून दोन प्रवाह मिळतात, एक मोठा आणि एक लहान. मोठा जागेवर साठवा, लहान बाहेर पाठवा. नेटवर्क तासभर गेलं तरी डेटाला काही होत नाही.

आणि प्रत्येक फ्रेमबरोबर तिची वेळ साठवा. पिकॅमेरा२ प्रत्येक फ्रेमसोबत काही माहिती देते, त्यात सेन्सर टाइमस्टॅम्प असतो. पाय सुरू झाल्यापासून ती फ्रेम टिपेपर्यंत किती नॅनोसेकंद झाले, तो आकडा. तो एका साध्या सीएसव्ही फाइलमध्ये फ्रेम क्रमांकासोबत लिहीत जा. लागोपाठच्या दोन आकड्यांमधली वजाबाकी केली की गळलेली फ्रेम लगेच दिसते. १० फ्रेमच्या दराला अंतर १०० मिलिसेकंदांचं हवं. कुठे २०० दिसलं, तर मधली एक गेली.

पण ‘सुरू झाल्यापासून’ म्हणजे किती वाजल्यापासून? इथे पायची एक खोड माहीत हवी. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत वीज गेल्यावरही चालत राहणारं घड्याळच नाही. पाय ५ मध्ये ते आहे, पण त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते. पाय आपली वेळ इंटरनेटवरून घेतो. समजा दुपारी सव्वादोनला वीज गेली आणि पावणेचारला आली. इंटरनेट अजून यायचंय. पाय उठतो आणि शेवटी जतन केलेली वेळ धरून पुढे मोजायला लागतो. त्याच्या मते अजून दोन-सव्वादोनच वाजलेत. थोड्या वेळाने राउटर जागा होतो, खरी वेळ मिळते आणि घड्याळ एकदम दीड तास पुढे उडी मारतं. फाइलच्या नावात वेळ घालायची सवय असेल, तर दोन फाइलींना जवळपास एकच नाव आणि मध्ये दीड तासाचं भूत.

उपाय अवघड नाहीत. डीएस३२३१ चिप असलेलं छोटं घड्याळ मिळतं, ते पायच्या पिनांना जोडा. त्याची चूक नेहमीच्या तापमानात दहा लाखात दोन इतकी, म्हणजे दिवसाला पाव सेकंदाहून कमी. सेन्सर टाइमस्टॅम्प आणि भिंतीवरच्या घड्याळाची वेळ, दोन्ही साठवा, कारण पहिला उड्या मारत नाही आणि दुसऱ्याचा अर्थ माणसाला कळतो. आणि बॅटरी किंवा कार्ड बदलायला जाल तेव्हा मोबाइलवर सेकंद दाखवणारं घड्याळ कॅमेऱ्यासमोर क्षणभर धरा, मग तेच घड्याळ तापमानाच्या लॉगरशी ताडून वहीत लिहा. सिनेमावाले क्लॅप देतात ना, तसं. परीक्षकांना दाखवायला याहून चांगला पुरावा नाही. फक्त त्यासाठी म्हणून घरट्याजवळ वेगळी फेरी मारू नका. कॅमेरा मुळात लांब ठेवा आणि आई-बाप पक्षी पिल्लांकडे यायला कचरताहेत असं लाइव्ह चित्रात दिसलं, तर तो आणखी मागे घ्या. लाइव्हचा सगळ्यात खरा उपयोग मला विचाराल तर हाच आहे.

चित्राच्या बाबतीत थोडक्यात. घरात, ट्यूबलाइटखाली प्रयोग असेल तर एक्सपोजर, गेन आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही बांधून टाका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. एक्सपोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवलं की चित्रात पट्टे येत नाहीत. बाहेर मात्र पहाटेपासून दुपारपर्यंत एकच एक्सपोजर चालणार नाही. तिथे ते ऑटो राहू द्या, पण प्रत्येक फ्रेमची एक्सपोजरची किंमत त्याच सीएसव्हीत लिहा. फोकस मात्र बांधाच. कॅमेरा मॉड्यूल ३ मध्ये ऑटोफोकस आहे आणि पुढे पान हललं की तो पानाच्या नादी लागतो.

साठवणुकीचा हिशोब असा: ४ मेगाबिटचा प्रवाह, दिवसाचे १२ तास, म्हणजे २१.६ गिगाबाइट. पंधरा दिवसांचे ३२४. एसडी कार्डावर एवढं सतत लिहिण्यापेक्षा यूएसबीवरची एसएसडी बरी. आणि वीज जाणार हे धरूनच चला. साधारण एमपी४ फाइलीत आतली अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर चार तासांची अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्ही किंवा टीएस प्रकारात साठवा आणि दर पाच-दहा मिनिटांनी नवी फाइल सुरू करा. गेलं तर दहा मिनिटांचं जाईल.

बाहेर पाठवण्यासाठी मोबाइलचा हॉटस्पॉट वापरणार असाल तर हेही मोजा. दिवसाला दीड जीबीचा पॅक ४ मेगाबिटच्या प्रवाहाला ५० मिनिटं पुरतो. त्याऐवजी दर दहा सेकंदांना ४० किलोबाइटचा एक फोटो पाठवा, बारा तासांत पावणेदोनशे एमबीच्या आत काम होतं. कॉफीचं भांडं आठवलं ना? घरटं शाबूत आहे का, हे बघायला तेवढं खूप झालं. फोटो कमी पडेल तेव्हा पाच मिनिटं व्हिडिओ उघडायचा, बघायचा, बंद करायचा.

हॉटस्पॉटवर आणखी एक अडचण येते. मोबाइल कंपन्या सहसा अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, त्यामुळे बाहेरून तुमच्या पायपर्यंत थेट पोहोचता येत नाही. इंटरनेटवर ‘पोर्ट उघडा’ असा सल्ला मिळेल. तो इथे चालत नाही, आणि जिथे चालतो तिथेही पाळू नका. वायरगार्डसारखा व्हीपीएन वापरा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर त्या ऑक्टोबरात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडवल्या. रास्पबेरी पायचंही ‘पाय’ हे नाव आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड जगजाहीर होता. एप्रिल २०२२ पासून नव्या सिस्टिममध्ये तो आधीपासून घातलेला नसतो. जुनं कार्ड सीनियरकडून मिळालं असेल तर आधी ते पुसून नवं करा.

शिवाय घरट्याचं लाइव्ह चित्र सगळ्यांसाठी खुलं ठेवलं की घरट्याचा पत्ताही खुला होतो. मागची इमारत दिसली तरी ओळखणारे ओळखतात. फ्रेममध्ये कुणाची खिडकी किंवा येण्याजाण्याची वाट येत असेल तर तेवढा भाग कापा, आणि माणसं येणारच असतील तर आधी तुमच्या संस्थेच्या नीतिसमितीकडे जा. संरक्षित क्षेत्रात काम असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी, कॅमेरा नंतर.

प्रस्तावात किंवा प्रबंधाच्या पद्धती विभागात हे सगळं किती जागा घेतं? एक परिच्छेद. असा:

‘चित्रण रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू व कॅमेरा मॉड्यूल ३ यांनी १२८० × ७२० पिक्सेल, सेकंदाला १० फ्रेम या दराने करून जागेवरच पाच-पाच मिनिटांच्या फाइलींत साठवले. फोकस व फ्रेमचा दर स्थिर ठेवला. एक्सपोजर स्वयंचलित होते व त्याची किंमत प्रत्येक फ्रेमसोबत नोंदवली. घटनांच्या वेळा फ्रेम क्रमांकावरून न काढता सेन्सरच्या टाइमस्टॅम्पवरून काढल्या. पायचे घड्याळ व तापमान लॉगरचे घड्याळ दर ___ दिवसांनी एकाच संदर्भ घड्याळाशी ताडले. आढळलेला सर्वांत मोठा फरक ___ सेकंद होता. लाइव्ह प्रसारण केवळ देखरेखीसाठी वापरले. अपेक्षित फ्रेमपैकी ___ टक्के फ्रेम मिळाल्या नाहीत; सर्वांत मोठा खंड ___ मिनिटांचा होता.’

कोऱ्या जागा मुद्दाम ठेवल्यात. घरट्यात अंडी असतानाच, म्हणजे पिल्लं बाहेर यायच्या आधी, खिडकीतल्या कुंडीसमोर दोन दिवस हीच यंत्रणा चालवा. मध्ये एकदा स्वतःच प्लग काढा, एकदा राउटर बंद करा. मग सीएसव्ही उघडून चारही आकडे काढता येतात का ते बघा.